रेणूला दहाही दिशांनी ऊन लागतं

‘पहाटे तुळशीपाशी बसा, ती चोवीस तास ओझोन सोडते’ हा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर दर काही महिन्यांनी नव्याने उगवतो. हल्ली त्यात पिंपळाचीही भर पडली आहे. तुळस ओझोन सोडत नाही. ती सोडते युजेनॉल आणि लिनालूलसारखी सुवासिक द्रव्यं (लवंगेचा वासही युजेनॉलचाच), आणि ही द्रव्यं उलट ओझोन खातात. पहाटेची वेळ तर साफ चुकलेली. जमिनीलगतचा ओझोन साधारणपणे पहाटेच नीचांकाला असतो, आणि तेच बरं, कारण तो फुप्फुसांना झोंबणारा वायू आहे. भारतीय मानकानुसार आठ तासांची सरासरी घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅमच्या आत हवी. म्हणजे सुमारे ५१ पीपीबी, हवेच्या एक अब्ज रेणूंमागे ५१. डोक्यावरचा संरक्षक थर आणि हा, रेणू एकच. फरक फक्त मुक्कामाचा.

मग ठाण्यातल्या घोडबंदर रोडवर दुपारी तीन वाजता ओझोन येतो कुठून? कोणत्याही सायलेन्सरमधून तो बाहेर पडत नाही. तो हवेतच तयार होतो, उन्हात.

इंजिनाच्या उष्णतेत नायट्रोजन आणि ऑक्सिजन जुळून नायट्रिक ऑक्साइड (एनओ) बनतो, त्याचा पुढे नायट्रोजन डायऑक्साइड (एनओ२) होतो. एनओ२वर सुमारे ४२० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश पडला की त्याचा एक ऑक्सिजन अणू तुटतो. सुटा अणू शेजारच्या ऑक्सिजन रेणूला चिकटतो आणि ओझोन तयार होतो. मागे उरलेला एनओ संधी मिळताच त्याच ओझोनचा एक अणू काढून घेतो आणि परत एनओ२ होतो. स्वच्छ भर दुपारी एनओ२चा रेणू दोनेक मिनिटांत फुटतो. ४० पीपीबी ओझोन असलेल्या हवेत एनओ एक मिनिटही टिकत नाही. हे रहाटगाडगं दिवसभर फिरत असतं.

म्हणूनच माजिवड्याच्या किंवा तीन हात नाक्याच्या कोंडीत ओझोन अनेकदा कमी दिसतो. तिथे ताजा एनओ इतका असतो की ओझोन तयार झाला की लगेच खाल्ला जातो. ६० पीपीबी एनओमध्ये ओझोनचं सरासरी आयुष्य ३६ सेकंद. हवा नाक्यापासून दूर, येऊरच्या बाजूला किंवा खाडीपलीकडे वाहत गेली की एनओ विरतो आणि ओझोन वर येतो. तेव्हा कमी ओझोन म्हणजे चांगली हवा असं समजायचं कारण नाही.

आता मुख्य मुद्दा. हे गाडगं किती वेगाने फिरतंय ते ठरवतं ऊन. पण कोणतं ऊन?

हवामान केंद्रावर किंवा सोलर पॅनलशेजारी जो सौरमापक असतो, त्याची संवेदक पट्टी सपाट असते. ती पापडासारखी ऊन घेते. सूर्य डोक्यावर असेल तर पूर्ण, माथ्यापासून ६० अंश कलला की निम्मं, कारण तीच किरणं दुप्पट जागेवर पसरतात. रेणूचं असं नसतं. रेणूला पाठ-पोट नाही. तो दाराला टांगलेल्या लिंबासारखा आहे (मिरच्या सोडा): ऊन कुठूनही आलं तरी त्याच्यासमोर तेवढंच वर्तुळ. सूर्य ६० अंश कलल्यावर किरणांना हवेतून लांबची वाट काढावी लागते, तेवढी घट रेणूलाही सोसावी लागते. पण पापडासारखी आणखी निम्म्याची कपात त्याला लागू नाही. आकाशातून विखुरलेला निळसर-अतिनील प्रकाश, ढगाच्या कडेवरून उसळलेला, खालून जमिनीवरून परतलेला, सगळा तो सारख्याच भावाने मोजतो. एकसारख्या पांढरट आकाशाखाली पापडाच्या मोजणीपेक्षा रेणूची मोजणी बरोबर दुप्पट येते. आणि जमिनीने अवघा ५ टक्के प्रकाश परत फेकला, तर डोक्यावरच्या उन्हात रेणूचं ऊन १० टक्क्यांनी वाढतं, कारण परतलेले तिरपे किरणही त्याच्या हिशेबात पूर्ण धरले जातात.

यासाठीचा मापक म्हणजे क्वार्ट्झचा छोटा घुमट. घुमटाखालचा विसारक सर्व दिशांचा प्रकाश सारख्या वजनाने आत घेतो, आणि त्याखालची गाळणी एनओ२ला फोडणाऱ्या तरंगलांब्याच पुढे सोडते. भोवती काळी आडवी तबकडी असते, म्हणजे फक्त वरचा अर्धगोल दिसतो. खालचा अर्धगोल हवा असेल तर दुसरा घुमट उलटा टांगावा. मिळणारा आकडा म्हणजे दर सेकंदाला एनओ२चा किती भाग फुटतो. भर दुपारी तो ०.००८ ते ०.०१ असतो. ठाण्यात मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस, म्हणजे शून्य सावलीच्या दिवसांत, सूर्य ऐन माथ्यावर येतो. पण जुलैत बहुधा ढगच मोजावे लागतात. एक गंमत मात्र खरी: विरळ पांढऱ्या ढगांच्या फटीतून सूर्य दिसत असताना आकडा निरभ्र आकाशापेक्षाही वर उडी मारतो.

नवी मुंबईत ऐरोली किंवा महाप्याच्या गच्चीवर हा घुमट बसवताना पाण्याची टाकी आणि जिन्याची खोली आड येते. घुमट त्यांच्या वर न्यावा. कठड्याच्या उंचीवर ठेवून भागत नाही. गच्चीला पांढरा रंग दिलाय म्हणून खालून भरपूर अतिनील प्रकाश परतेल, असं मानू नये. रंगातली टायटॅनियम डायऑक्साइडची पूड डोळ्याला पांढरीशुभ्र, पण ४०० नॅनोमीटरच्या खाली जवळजवळ काळी असते. साधी चुन्याची सफेदी अतिनील प्रकाश जास्त परत फेकते. घुमटावर खाडीकडच्या वाऱ्याचा खार आणि बांधकामांची धूळ बसते, कावळे आपली भर घालतात. ऊर्ध्वपातित पाणी आणि तंतू न सोडणाऱ्या कापडाने रोज सकाळी पुसावं, पुसण्याआधीचा आणि नंतरचा आकडा नोंदवावा. आतल्या सिलिका जेलचा रंग बदलला की ते बदलावं, नाहीतर पावसाळ्यात घुमटाला आतून दव धरतं.

मापकाची खातरजमा रसायनानेच करता येते. नायट्रोजनमध्ये मिसळलेला १ पीपीएम (म्हणजे १००० पीपीबी) एनओ२ क्वार्ट्झच्या नळीतून उन्हात असा सोडायचा की प्रत्येक रेणू नळीत एक सेकंद राहील. ०.००८ वेगाने ८ पीपीबी एनओ२ फुटतो आणि तेवढा एनओ निघायला हवा. प्रत्यक्षात जास्त निघतो, कारण सुटा ऑक्सिजन अणू दुसऱ्या एनओ२ला धडकून आणखी एक एनओ बनवतो. ही दुरुस्ती विसरली तर ऊन जवळजवळ दुप्पट निघतं.

आता गणित. फिलिप लेटन या रसायनशास्त्रज्ञाने १९६१मध्ये मांडलेला समतोल असा: गाडगं स्थिरावलं असेल तर ओझोन = १७ × (एनओ२ ÷ एनओ). हा १७ भर दुपारच्या ०.००८ला आणि २५ अंश तापमानाला, सगळे आकडे पीपीबीत. गाडगं नुसतं फिरत राहिलं तर निव्वळ ओझोन वाढत नाही. तो वाढतो तेव्हा, जेव्हा एनओचा एनओ२ करायचं काम ओझोनऐवजी दुसरंच कोणी करतं: पेट्रोलची वाफ, थिनर, झाडांचं आयसोप्रीन यांच्यापासून उन्हात बनलेले पेरॉक्सी कण. मग समीकरणाची उजवी बाजू डावीपेक्षा मोठी होते, आणि तो फरक म्हणजे ओझोनच्या नव्या उत्पादनाची खूण.

समजा मोजलं: एनओ ५, एनओ२ २०, ओझोन ५०. उजवी बाजू ६८. म्हणजे ३६ टक्के जास्त. पेरॉक्सी सापडले! थांबा. एनओ२ मोजणाऱ्या नेहमीच्या यंत्रात ३००हून जास्त अंशांवर तापवलेलं मॉलिब्डेनम असतं. ते एनओ२चा एनओ करतं, आणि मग त्या एनओची ओझोनशी गाठ घालून निघणारा मंद लालसर प्रकाश मोजतात. पण ते मॉलिब्डेनम नायट्रिक आम्ल आणि पॅन नावाच्या संयुगालाही एनओ बनवतं. दुपारच्या जुन्या हवेत हे सहज ४ पीपीबी असू शकतं. दुसरी गोष्ट नळीची. हवा यंत्रापर्यंत नळीतून येते, नळीत अंधार, म्हणजे एनओ२ फुटणं बंद. पण एनओ आणि ओझोन एकमेकांना खातच राहतात. चार सेकंदांच्या नळीत ५० पीपीबी ओझोन ९ टक्के एनओ संपवतो. दोन्ही दुरुस्त्या केल्या की एनओ ५.५, एनओ२ १५.५, ओझोन ५०.५. उजवी बाजू आता ४८. सापडलेले पेरॉक्सी गेले.

म्हणून नळी टेफ्लॉनची, आखूड, आणि पंप जोरकस. वाट दोन सेकंदांच्या आत. एनओ२साठी मॉलिब्डेनमऐवजी ३९५ नॅनोमीटरच्या एलईडीने फोडणारा परिवर्तक, म्हणजे जे काम बाहेर सूर्य करतो तेच पेटीत. ओझोन त्या मानाने सोपा. पाऱ्याच्या दिव्याचा २५३.७ नॅनोमीटरचा प्रकाश ३८ सेंटिमीटर नळीतून जाताना ५० पीपीबी ओझोनमुळे दहा हजारांत जेमतेम पाच भागांनी घटतो, आणि तेवढंही यंत्र मोजतं. मात्र आतली गाळणी धुळीने भरली तर ती धूळच ओझोन खाते. आठवड्याला बदलावी. घराच्या हवेसाठी ‘ओझोन सोडणारं’ यंत्र विकणाऱ्याला हा आकडा विचारून पाहा: बंद खोलीत किती पीपीबी?

घुमटाचा शून्य रात्री तपासावा. रस्त्यावरच्या एलईडी दिव्यांचा निळा भाग ४५० नॅनोमीटरच्या आसपास असतो, त्याने एनओ२ फुटत नाही आणि गाळणीही तो अडवते. त्यामुळे रात्री दोन वाजता आकडा शून्यच हवा. नसेल, तर तो आकडा उन्हाचा नाही, मापकातल्या इलेक्ट्रॉनिक सर्किटने स्वतःच भर घातलेला. तो दिवसाच्या प्रत्येक आकड्यातून वजा करावा लागतो.