कंपनीतल्या तंदुरुस्ती कार्यक्रमांचे मूल्यमापन : पार्श्वभूमी

कर्मचाऱ्यांच्या तंदुरुस्तीवर कंपनीने केलेल्या खर्चाचा उपयोग होतो का, असे विचारले की उत्तरादाखल बहुधा सहभागाचे आकडे पुढे येतात: ॲप किती जणांनी घेतले, योगवर्गाला किती जण आले, पावले मोजण्याच्या स्पर्धेत कोणता विभाग पहिला आला. या आकड्यांवरून कार्यक्रम किती लोकप्रिय आहे ते कळते. पण कार्यक्रमामुळे कोणाचा रक्तदाब उतरला का, कोणाच्या रजा कमी झाल्या का, हे त्यांतून कळत नाही. कारण अशा कार्यक्रमांना आपणहून येणारी माणसे आणि न येणारी माणसे मुळात सारखी नसतात. ही अडचण नवी नाही. सत्तरएक वर्षांपूर्वी लंडनच्या बसगाड्यांवर झालेल्या अभ्यासातच ती समोर आली होती.

ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1953 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लंडनच्या वाहतूक कर्मचाऱ्यांविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. 35 ते 64 वयाच्या सुमारे 31,000 पुरुषांच्या नोंदी त्यांनी तपासल्या होत्या. एकाच दुमजली बसमध्ये ड्रायव्हर दिवसभर बसून असे, तर कंडक्टर तिकिटे देत दिवसभरात जिन्याच्या शेकडो पायऱ्या चढत-उतरत असे. दोघांची आर्थिक परिस्थिती जवळजवळ सारखी असूनही कंडक्टरांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी होते, आणि झालाच तर तो उशिरा व कमी घातक स्वरूपात होत असे. शारीरिक श्रम हृदयाचे रक्षण करतात, या आज सर्वमान्य असलेल्या विचाराला मोठे बळ या अभ्यासाने दिले.

मॉरिस मात्र तेवढ्यावर थांबले नाहीत. कंडक्टर निरोगी राहिले ते कामामुळे, की आधीच सडपातळ असलेली माणसे कंडक्टर होत होती, ही शंका त्यांनी स्वतःच तपासायला घेतली. त्यासाठी त्यांना आधार मिळाला तो गणवेशांच्या मापांचा. कर्मचाऱ्यांना दिलेल्या पँटींच्या कमरेची आणि लांबीची मापे दफ्तरी नोंदलेली होती, आणि 1956 साली प्रसिद्ध झालेल्या त्या विश्लेषणात असे दिसले की सारख्या उंचीच्या ड्रायव्हरांची कंबर कंडक्टरांपेक्षा मोठी होती, तीही तरुण वयापासून. म्हणजे दोन गटांतला काही फरक कामाने घडवण्याच्या आधीचा असू शकत होता. आपल्याच गाजलेल्या निष्कर्षाची इतकी कसून तपासणी करणारा संशोधक विरळा. पुढच्या काळात कंपन्यांच्या कार्यक्रमांचे मूल्यमापन करणाऱ्यांनी हा धडा गिरवला असता, तर पुष्कळ पैसा आणि भाबडी आशा वाचली असती, असे मला वाटते.

हा पैसा मुख्यतः अमेरिकेत खर्च झाला आणि त्यामागे तिथल्या आरोग्य विम्याची रचना आहे. दुसऱ्या महायुद्धात, 1942 साली, पगारवाढीवर सरकारी मर्यादा आल्यावर कामगार मिळवण्यासाठी कंपन्यांनी आरोग्य विम्यासारखे लाभ देऊ केले आणि नोकरी व विमा यांची गाठ पक्की झाली. पुढे 1974 च्या कायद्याने, कर्मचाऱ्यांच्या उपचारांचा खर्च स्वतःच्या तिजोरीतून भागवणाऱ्या मोठ्या कंपन्यांना राज्यांच्या विमा नियमांतून मोकळीक मिळाली. साहजिकच कर्मचाऱ्याचे आजारपण हा थेट ताळेबंदातला आकडा बनला. जॉन्सन अँड जॉन्सनने 1979 च्या सुमारास ‘लिव्ह फॉर लाइफ’ हा कार्यक्रम सुरू केला तो याच वातावरणात. त्याचे 1986 साली प्रसिद्ध झालेले मूल्यमापन 11,406 कर्मचाऱ्यांचे होते. रुग्णालयात दाखल होण्याचा माणशी खर्च कार्यक्रम असलेल्या दोन गटांत वर्षाला 43 आणि 42 डॉलरने वाढला, तर कार्यक्रम नसलेल्या गटात 76 डॉलरने. ड्यूपाँट या रसायन कंपनीच्या 1990 सालच्या अभ्यासात 41 ठिकाणी कार्यक्रम होता आणि 19 ठिकाणी नव्हता. आजारपणामुळे बुडालेले दिवस दोन वर्षांत पहिल्या गटात 14 टक्क्यांनी, तर दुसऱ्यात 5.8 टक्क्यांनी घटले. हे अभ्यास त्या काळाच्या मानाने काळजीपूर्वक केलेले होते. मात्र कार्यक्रम कोणत्या ठिकाणी राबवायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरले नव्हते, म्हणून दोन गटांतला फरक आधीपासूनचाही असू शकत होता.

अशा अनेक अभ्यासांची गोळाबेरीज कॅथरीन बेकर, डेव्हिड कटलर आणि झिरुई साँग यांनी 2010 साली मांडली. कार्यक्रमावर खर्चलेल्या प्रत्येक डॉलरमागे उपचारांवरचे 3.27 डॉलर आणि गैरहजेरीपोटी जाणारे 2.73 डॉलर वाचतात, असा त्यांचा हिशेब होता. हा आकडा असे कार्यक्रम विकणाऱ्यांच्या प्रत्येक सादरीकरणात झळकू लागला. त्याच वर्षीच्या आरोग्य सुधारणा कायद्याने अशा कार्यक्रमांशी जोडलेल्या आर्थिक प्रोत्साहनाची मर्यादा विम्याच्या खर्चाच्या 20 टक्क्यांवरून 30 टक्क्यांपर्यंत, आणि तंबाखूच्या बाबतीत 50 टक्क्यांपर्यंत, नेण्याची वाट मोकळी केली. प्रोत्साहन म्हणजे भाग न घेणाऱ्यासाठी दुसऱ्या बाजूने दंडच, हे कर्मचाऱ्यांना लवकरच उमगले. वेस्ट व्हर्जिनिया या राज्यातील शिक्षकांनी 2018 साली संप केला, तेव्हा त्यांच्या तक्रारींत आरोग्याची माहिती ॲपवर नोंदवण्याची सक्तीही होती.

पेप्सिकोच्या सात वर्षांच्या नोंदींवर रँड या संशोधन संस्थेने केलेला आणि 2014 च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे विशेष महत्त्वाचा आहे, कारण त्याने कार्यक्रमाचे दोन भाग वेगळे काढले. मधुमेह, दमा यांसारखे दीर्घकालीन आजार असलेल्यांची नियमित विचारपूस आणि मदत करणाऱ्या भागाने डॉलरमागे 3.80 डॉलर परत दिले. आहार, व्यायाम, वजन यांविषयीच्या सरसकट भागाने केवळ 50 सेंट.

तरीही खरी कसोटी चिठ्ठ्या टाकूनच लागणार होती. इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शँपेन परिसरात डेमन जोन्स, डेव्हिड मॉलिटर आणि ज्युलियन रीफ यांनी 2016 साली ती लावली. अभ्यासात सामील झालेल्या 4,834 कर्मचाऱ्यांपैकी 3,300 जणांना कार्यक्रमाची संधी मिळाली आणि 1,534 जणांना मिळाली नाही. निवड पूर्णपणे दैवावर सोडलेली. संशोधकांनी उपचारांची बिले पाहिली, विद्यापीठाच्या व्यायामशाळेच्या दारावरच्या नोंदी पाहिल्या, शहरातल्या धावण्याच्या शर्यतीत कोण उतरले तेही पाहिले. दोन गटांत उपचारखर्च, सवयी वा कामगिरी यांत लक्षणीय फरक दिसला नाही. आरोग्य तपासणी करून घेणाऱ्यांचे प्रमाण तेवढे वाढले. मग त्यांनी त्याच माहितीवर जुन्या पद्धतीने हिशेब केला, म्हणजे संधी मिळालेल्यांपैकी सहभागी झालेल्यांची तुलना न झालेल्यांशी केली, तर जुन्या अभ्यासांसारखेच भरघोस फायदे दिसू लागले. याचे कारण असे की सहभागी होणाऱ्यांचा उपचारखर्च कार्यक्रम सुरू होण्याच्या आधीच्या वर्षीही कमीच होता. लंडनच्या पँटींच्या मापांनी सांगितलेली गोष्ट विद्यापीठाच्या बिलांनी पुन्हा सांगितली.

2010 चा आशादायी हिशेब मांडणाऱ्यांपैकी साँग आणि बेकर यांनी स्वतःच बीजेज होलसेल क्लब या दुकानसाखळीत मोठी चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष 2019 साली आले. 160 ठिकाणांच्या 32,974 कर्मचाऱ्यांपैकी, दैवयोगाने निवडलेल्या 20 ठिकाणच्या कर्मचाऱ्यांसाठी आहारतज्ज्ञांनी दीड वर्ष वर्ग घेतले. नियमित व्यायाम करतो असे सांगणाऱ्यांचे प्रमाण तिथे 8.3 टक्क्यांच्या अंतराने जास्त निघाले. पण रक्तदाब, कोलेस्टेरॉल, वजन, उपचारखर्च, गैरहजेरी यांत फरक नव्हता, आणि तीन वर्षांनंतरच्या पाहणीतही चित्र बदलले नाही. ब्रिटनमधल्या 233 संस्थांच्या 46,336 कर्मचाऱ्यांविषयीच्या 2024 च्या अभ्यासातही मानसिक स्वास्थ्याच्या ॲप्स आणि प्रशिक्षणवर्गांत भाग घेतलेले लोक इतरांपेक्षा बरे असल्याचे दिसले नाही.

आपल्याकडे या हिशेबाचा पायाच वेगळा आहे. कामगार राज्य विमा योजना आणि कंपन्यांचे गट विमे यांमुळे अमेरिकी डॉलरचे गणित इथे जसेच्या तसे लागू होत नाही. महाराष्ट्रात 1953 च्या कायद्यातून उभे राहिलेले कामगार कल्याण मंडळ केंद्रांतून व्यायामशाळा आणि खेळ चालवते ते कल्याण म्हणून, परताव्याची अपेक्षा न ठेवता. भारतीय उद्योगांत दोराईराज प्रभाकरन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कार्यक्रम राबवलेल्या ठिकाणी वजन, रक्तदाब आणि साखर यांची स्थिती तुलनेच्या ठिकाणापेक्षा सुधारली. हा निष्कर्ष उत्साहवर्धक आहे, पण तिथेही ठिकाणांची निवड दैवावर सोडलेली नव्हती.

पुणे, नाशिक, नागपूर अशा अनेक शहरांत कार्यालये असलेल्या कंपनीला ही उणीव भरून काढणे अवघड नाही. कार्यक्रम सगळीकडे एकाच दिवशी सुरू न करता आधी कुठे आणि वर्षभराने कुठे, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. आणि रक्तदाब, साखर, रजा यांच्या नोंदी फक्त सहभागी झालेल्यांच्या न घेता, संमती देणाऱ्या सगळ्यांच्या, सुरुवातीला आणि शेवटी, कोणाचेही नाव व्यवस्थापनापर्यंत न पोचवता घ्याव्यात.