कंपन्या 1951 ला एक झाल्या, रूळ मात्र नाही

दादरला सेंट्रल आणि वेस्टर्नची स्टेशनं एकमेकांना चिकटून असली तरी वेगळी आहेत, कारण मुळात त्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या लायनी. सेंट्रल म्हणजे जुनी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे), जिने 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर ते ठाणे गाडी सोडली, आणि वेस्टर्न म्हणजे बीबीसीआय (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे), जी गुजरातकडून रूळ टाकत टाकत 1864 ला मुंबईत पोचली.

या कंपन्या लंडनच्या, शेअरहोल्डरही तिकडचेच. त्यांच्या भांडवलावर 5 टक्के व्याजाची हमी सरकारने दिलेली, म्हणजे लाईन तोट्यात गेली तरी फरक भारतातल्या लोकांच्या करातून भरायचा, मग खर्च आटोक्यात ठेवायची घाई कोणाला असणार? माझ्या मते पुढचा सगळा गेजचा, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचा, गोंधळ इथूनच सुरू होतो.

पहिल्या लायनी ब्रॉडगेज, 1676 मिलिमीटर. खर्च फारच वाढला म्हणून 1870 च्या सुमारास व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या काळात मीटरगेज आलं. रूळ हलके, वळणं जास्त तीव्र चालतात, भराव आणि डोंगर फोडायचं काम कमी. 1882 ला निघालेल्या सदर्न मराठा कंपनीने पुणे-मिरज-लोंढा असं मीटरगेजच टाकलं.

आणि बारशी लाईट रेल्वे! एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरने 1897 ला फक्त 762 मिलिमीटरची लाईन सुरू केली, ती पुढे लातूर, पंढरपूर आणि शेवटी मिरजेपर्यंत गेली. त्याची युक्ती मला फार आवडते: इंजिन असो की वॅगन, कुठल्याही ॲक्सलवर (चाकांच्या जोडीच्या आसावर) 5 टनांच्या वर भार येऊ द्यायचा नाही, सगळं वजन सारखं वाटायचं, त्यामुळे पातळ, स्वस्त रुळावरूनही भरपूर माल जायचा.

पण गेज बदललं की वॅगन पुढे जाऊच शकत नाही. मिरजेत तर तिन्ही गेज होती, म्हणजे एका गाडीतलं पोतं न् पोतं हमालांनी उतरवायचं, दुसऱ्या गाडीत चढवायचं, त्यात वेळ जातो, मजुरी जाते, माल फुटतो तो वेगळाच.

मालकी बदलणं त्यामानाने सोपं गेलं. जीआयपी सरकारने 1900 लाच विकत घेतली होती, तरी कारभार कंपनीकडेच राहिला तो थेट 1925 पर्यंत. स्वातंत्र्यानंतर कंपन्यांच्या आणि संस्थानांच्या मिळून 42 रेल्वे होत्या, त्यांचे 1951-52 मधे 6 झोन केले. 5 नोव्हेंबर 1951 ला जीआयपी आणि निजामाची रेल्वे मिळून सेंट्रल झाली, त्याच दिवशी बीबीसीआयची वेस्टर्न. बारशी लाईट सरकारकडे आली 1954 ला.

रुळांचं एकत्रीकरण मात्र कागदावर सही करून होत नाही, त्यासाठी स्लीपर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्या), पूल, प्लॅटफॉर्म सगळंच बदलावं लागतं. देशभर एकच गेज करायचा कार्यक्रम 1992 ला सुरू झाला, आणि बारशी लाईट पूर्ण ब्रॉडगेज व्हायला एकविसावं शतक उजाडावं लागलं.