उटणे (तेलकट त्वचेसाठी)

त्वचेवर चोळून धुऊन टाकण्याचे वनस्पतिजन्य चूर्ण. दिवाळीतील अभ्यंगस्नानाचे उटणे तेलात किंवा सायीत कालवतात. तेलकट, मुरुमप्रवण त्वचेसाठी ते पाण्यात कालवणेच इष्ट.

हा भेद जुना आहे. ‘उटणे’ हा शब्द संस्कृत ‘उद्वर्तन’वरून प्राकृत ‘उव्वट्टण’मार्गे आला, असे मानले जाते, हिंदी ‘उबटन’ त्याचाच भाऊबंद. सुश्रुतसंहिता या आयुर्वेदाच्या ग्रंथात (काळ अनिश्चित, आजचे रूप बहुधा इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतील) उद्वर्तनाबरोबर उत्सादन व उद्घर्षण या संज्ञाही येतात. टीकाकार डल्हण (सुमारे बारावे शतक) स्नेहयुक्त (तेल-तूप घातलेल्या) कल्काने, म्हणजे वाटलेल्या गोळ्याने चोळणे ते उत्सादन आणि स्नेहरहित चूर्णाने चोळणे ते उद्घर्षण, असे सांगतो. संहितेतील मुखदूषिका म्हणजे आजच्या तारुण्यपीटिका, हे सर्वसाधारणपणे मान्य आहे. कफ, वात व रक्त ही तिची कारणे सांगितली आहेत. त्यामुळे येथे रूक्ष, म्हणजे स्नेहरहित प्रकारच अधिक सुसंगत वाटतो.

मसूरडाळीचे पीठ 100 ग्रॅम, मुलतानी माती 50, सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला 20, नागरमोथा 20 व आंबेहळद 10 ग्रॅम, हे एक चालणारे प्रमाण. पीठ व माती तेल शोषून घेतात. नागरमोथ्याचे तंतू चिवट असल्याने चूर्ण वस्त्रगाळच हवे. चाळणीतून निसटलेले कण त्वचेला ओरखडतात. आंबेहळदीच्या नावाने बाजारात दोन वनस्पतींचे कंद येतात : कैरीच्या वासाची कुर्कुमा अमाडा आणि कापरासारख्या वासाची कुर्कुमा ॲरोमॅटिका, म्हणजे रानहळद. स्वयंपाकाची हळद घातल्यास चेहरा पिवळा राहतो.

एका चेहऱ्याला चमचाभर चूर्ण पुरे. ते दुप्पट पाण्यात सैल कालवून बोटांच्या टोकांनी मिनिटभर हलकेच फिरवावे आणि ओले असतानाच कोमट पाण्याने धुवावे. लेप वाळू दिल्यास त्वचा ताणली जाते व आग होते. आठवड्यातून दोनदा पुरेसे. कालवलेले उरल्यास टाकून द्यावे. ओल्या पिठात जंतू झपाट्याने वाढतात. प्रथम वापरापूर्वी कोपराच्या आतल्या बाजूस लावून 24 ते 48 तास पाहावे.

उटण्याच्या काही पाठांत (कृतींत) बावची या वनस्पतीचे बी असते. ती चेहऱ्यासाठी घेऊ नये. तिच्यातील सोरॅलेन या प्रकाशसंवेदी द्रव्यामुळे उन्हात त्वचा भाजून काळे डाग पडतात. लिंबाचा रसही याच कारणाने टाळावा, शिवाय तो फार आम्ल असतो. रिठ्यातील सॅपोनिन हे फेसाळ द्रव्य तेल उत्तम काढते, पण डोळ्यांत गेल्यास तीव्र झोंबते. पिकलेल्या पुटकुळ्यांवर काहीही चोळू नये.

उटण्याने पृष्ठभागावरील तेल जाते. छिद्रात अडकलेला स्निग्ध पदार्थ निघत नाही. गाठीसारखे, दुखरे मुरूम असल्यास त्वचारोगतज्ज्ञाकडे लवकर जावे. उशीर झाल्यास व्रण कायमचे राहू शकतात.