गाऱ्हाणे (कोकण)

गाऱ्हाणे : पुढे काय वाढून ठेवले आहे याची धास्ती ग्रामदेवतेच्या कानावर घालून तिच्याकडे राखण मागण्याची तळकोकणातील प्रथा. सिंधुदुर्ग जिल्ह्यात ती विशेष रूढ आहे. रवळनाथ, सातेरी, वेतोबा, रामेश्वर अशा गावदेवतांपुढे ‘गाराणा’ घातले जाते.

निमित्ताला तोटा नसतो. मुलाची परीक्षा, अडलेले लग्न, घराचा पाया, पावसाळी मासेमारीबंदीनंतर पाण्यात लोटायची होडी, अवकाळी पावसाच्या तोंडावर धरलेला आंब्याचा मोहोर. गणपतीला आलेला चाकरमानी मुंबईची गाडी पकडण्याआधी देवळात नारळ ठेवून जातो. मुंबईच्या पगारावर गावाकडची चूल पेटत असल्याने घरची निम्मी काळजी कायम तिकडेच लागलेली असे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला, तेव्हा ती किती खरी होती हे अनेक घरांना कळले.

नारळ आणि विडा देवापुढे ठेवून गुरव, मानकरी किंवा घरातले वडीलधारे हात जोडून उभे राहतात. आधी स्थळाच्या, सीमेच्या, ‘बारा-पाचाच्या’ म्हणजे गावाने परंपरेने मानलेल्या साऱ्या देवांना हाक जाते; मग माणसाचे नाव आणि त्याची अडचण. शब्द गावागणिक बदलतात. ढोबळ नमुना असा :

“बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरान जो काय नारळ-इडो तुझ्या पायाशी ठेवल्यान हा, तो मान्य करून घे रे म्हाराजा!”
“व्हय म्हाराजा!”
“तेच्या मनात जी काय काळजी आसा ती दूर कर, नोकरी-धंद्याक यश दी, आणि तेका सुखरूप ठेव रे म्हाराजा!”
“व्हय म्हाराजा!”

प्रत्येक वाक्यामागून जमलेले सगळे एका सुरात ‘व्हय’ म्हणतात. प्रथेचा खरा जीव या होकारात आहे. रात्री अंथरुणात एकट्याने उगाळलेली चिंता इथे चारचौघांत, मोठ्याने आणि नावानिशी बोलली जाते. ज्याची अडचण असते त्याला तोंड उघडावे लागत नाही, हीसुद्धा सोयच. आपले दुखणे दुसऱ्याच्या तोंडून ऐकले की ते आटोपशीर वाटू लागते. गाऱ्हाणे संपेपर्यंत शेजारपाजाऱ्यांना कोणाच्या घरी काय अडले आहे ते कळलेले असते. पुढची मदत पुष्कळदा तिथूनच सुरू होते.

कौल ही याची जोडप्रथा. मन दोन्हीकडे ओढत असेल तेव्हा गुरव देवाच्या मूर्तीला किंवा पाषाणाला ओल्या पाकळ्या, कळ्या वा तांदूळ चिकटवतो आणि प्रश्न घालतो. उजवीकडचे पडले तर सहसा होकार, डावीकडचे पडले तर नकार. मालवण तालुक्यातील आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख पंचांगातून काढत नाहीत, कौलानेच ठरवतात. आचऱ्याच्या गावपळणीत रामेश्वराच्या कौलाने सारा गाव गुराढोरांसह वेशीबाहेर जाऊन राहतो आणि परततो तोही कौल घेऊनच. भविष्य कळण्यापेक्षा घोळ मिटणे, हे कौलाचे मोठे काम दिसते.

राखणदाराची कल्पना किती ठसठशीत असते हे वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीला दिसते. वेतोबा रात्री गावात फिरून राखण करतो आणि त्यात त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. म्हणून भाविक त्याला भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. केळ्यांचे घडही येतात.

गाऱ्हाण्याने वादळ अडत नाही. जून २०२० मधील निसर्ग आणि मे २०२१ मधील तौक्ते या चक्रीवादळांनी देवभोळ्यांच्याही बागा आडव्या केल्या. दवाखान्याऐवजी कौलावर विसंबणे तर जिवावर बेतू शकते. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याचे औषधोपचार रोखून मंत्रतंत्र करणे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. जाणती माणसे दोन्ही करतात : पेशंटला आधी दवाखान्यात पोचवतात, नारळ मागाहून ठेवतात. काम झाले की बोललेला नवस फेडायला पुन्हा गाऱ्हाणे घालावे लागते.