फॅन फिक्शन : समर्थनाचा प्रश्न आणि नागपूर परिसर

फॅन फिक्शन : आवडत्या कथेतील पात्रे किंवा प्रसंग घेऊन वाचकाने रचलेली नवी कथा; बोलण्यात ‘फॅनफिक’. आजच्या अर्थाने ही संज्ञा साधारण १९६० नंतर अमेरिकेतील विज्ञानकथाप्रेमींच्या हौशी अंकांतून रुळली. ‘पात्रे दुसऱ्याची, मग तुमचे काय?’ हा आक्षेप मराठीतही ऐकू येतो. नागपूर परिसराच्या वाङ्मयेतिहासात मात्र ज्ञात कथा पुन्हा रचणे हीच जुनी रीत दिसते.

याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘सेतुबंध’ हे माहाराष्ट्री प्राकृतातील पंधरा आश्वासांचे (सर्गांचे) महाकाव्य. ते वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन (सुमारे पाचवे शतक) याच्या नावावर आहे. त्याची आधीची राजधानी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचे नगरधन, असे सामान्यतः मानतात. नंतरच्या प्रवरपूरविषयी मतभेद आहेत : इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी ते वर्धा जिल्ह्यातील पवनार ठरवले, तर रामटेकजवळच्या मनसरच्या उत्खननानंतर काही अभ्यासक मनसरकडे झुकले. मनसरच्या अवशेषांचा विस्तार पाहता दुसरे मत सहज बाजूला सारता येत नाही. कर्तृत्वही वादात आहे. ‘सेतुबंधा’वर टीका लिहिणाऱ्या रामदासाने (समर्थ रामदास नव्हेत) हे काव्य कालिदासाने रचल्याची परंपरा नोंदवली आहे. सातव्या शतकातील बाणभट्टाने मात्र ‘हर्षचरिता’त सेतूच्या संदर्भात कीर्ती प्रवरसेनाला दिली आहे. बाण काळाने कितीतरी जवळचा असल्याने त्याची साक्ष अधिक वजनाची वाटते. रामकथा उसनी घेतल्याबद्दल मात्र या वादात कोणीही कवीला जाब विचारलेला नाही.

महानुभाव कवी नरेंद्राचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ (सुमारे १२९२) विदर्भकन्येची भागवतातील कथा सांगते. यादव राजा रामदेवरायाने काव्यावर आपली मुद्रा (नाममुद्रा) घालण्यासाठी सोने देऊ केले आणि नरेंद्राने ते नाकारले, अशी आठवण ‘स्मृतिस्थळ’ या महानुभाव ग्रंथात आहे. कथा भागवताची असली तरी ओवी आपली, हे त्याला पक्के ठाऊक होते. पुढे एकनाथांनीही रुक्मिणीस्वयंवराचीच कथा घेतली.

आधुनिक काळात विदर्भातील श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या विनोदी लेखांतील सुदामा, बंडूनाना, पांडूतात्या या त्रिकुटाच्या वळणावर त्यांचे शिष्य राम गणेश गडकरी यांनी बाळकराम, तिंबूनाना, भांबूराव उभे केले. गुरूचा साचा शिष्याने उघडपणे घेतला. तरी या लेखांतील ठकीच्या लग्नाची खटपट गडकऱ्यांचीच.

आक्षेपाला खरी धार येते ती कायद्यात. प्रताधिकार (कॉपीराइट) अधिनियम, १९५७ च्या कलम १४ नुसार रूपांतराचा हक्क हक्कधारकाचा असतो, आणि कलम ५७ खाली कृतीच्या विपर्यासाला लेखक हरकत घेऊ शकतो. कथा फुकट वाचायला दिली एवढ्यानेच सूट मिळत नाही. मात्र कल्पना, विषय किंवा पौराणिक प्रसंगांवर प्रताधिकार नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केले. संरक्षण साधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे. गडकरी १९१९ मध्ये नागपूर जिल्ह्यातील सावनेर येथे वारले. त्यामुळे त्यांच्या ‘एकच प्याला’ नाटकातील सिंधू, तळीराम आज कोणालाही घेता येतात. इथे एक चूक हमखास होते : नाटकातील बहुतेक पदे वि. सी. गुर्जरांची आहेत, त्यांची मुदत वेगळी मोजावी लागते.

लेखनात बिघाड होतो तो बहुधा दोन ठिकाणी. पहिला बोलीत. तळीरामाला नागपूरच्या सीताबर्डीवर आणले की लेखक त्याच्या तोंडी ‘काय करून राहिला बे?’ घालतो आणि पात्र तिथेच तुटते. गडकऱ्यांचा तळीराम असा बोलत नाही. नागपुरी बोली त्याला भेटणाऱ्या नव्या पात्राला द्यावी, म्हणजे दोन्ही आवाज टिकतात. दुसरा आरंभात : वाचकाला पाठ असलेली मूळ कथा दोन-दोन पाने सांगत बसणे. ‘सेतुबंध’ थेट शरद ऋतूत, हनुमान सीतेची खबर घेऊन परततो तिथे सुरू होतो. वनवास, सीताहरण यांची उजळणी करत नाही. नवी कथा मूळ कथेच्या ज्या अंकात, ज्या प्रवेशात फुटते ती जागा, मूळ कृती आणि लेखकाचे नाव शीर्षकाखाली एका ओळीत द्यावे. पहिले वाक्य त्या जागेनंतरचे असावे.