कुळू : पुनरुत्पादन

कुळू किंवा कांडोळ (स्टर्क्युलिया युरेन्स) हा मध्य भारतातील खडकाळ, कोरड्या टेकड्यांवर वाढणारा पानझडी वृक्ष असून नागपूर जिल्ह्यात पेंचच्या जंगलात तो पांढऱ्या, सोलल्या जाणाऱ्या सालीमुळे सहज ओळखू येतो. खोडातून पाझरणाऱ्या कराया डिंकासाठी झालेल्या बेसुमार छेदनामुळे (खोडाला चिरा पाडण्यामुळे) अनेक भागांत त्याची संख्या घटली आहे. जुन्या ग्रंथांत त्याचे कुल स्टर्क्युलिएसी असे दिलेले असते; अलीकडे हे कुल माल्व्हेसीत समाविष्ट करतात.

साधारणतः डिसेंबर ते मार्च या काळात, झाड निष्पर्ण असताना, फांद्यांच्या टोकांना दाट फुलोरे येतात. फूल लहान, हिरवट पिवळे असून त्याला पाकळ्या नसतात. पंचखंडी निदलपुंज (फुलाचे बाहेरचे आवरण) चिकट केसांनी आच्छादलेला असतो. एकाच फुलोऱ्यात नर-फुले बहुसंख्य आणि द्विलिंगी दिसणारी फुले थोडी असतात. या दुसऱ्या प्रकाराच्या फुलांबाबत मतभेद आहे. जुन्या वनस्पतिवर्णनांनी बाह्य रचनेवरून त्यांना द्विलिंगी ठरवले व जातीला बहुलिंगी (एकलिंगी व द्विलिंगी अशी दोन्ही फुले असणारी) म्हटले. उलट, या प्रजातीतील अशा फुलांत किंजपुटाच्या (बीजे धारण करणाऱ्या स्त्री-भागाच्या) तळाशी परागकोशांचे (परागकणांच्या पिशव्यांचे) कडे असले तरी ते बहुधा उकलत नाहीत, म्हणून ही फुले कार्यतः स्त्री-फुले होत, असा दुसरा पक्ष आहे. परागकण बाहेर पडतात की नाही हीच खरी कसोटी असल्याने दुसरा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो, मात्र वर्णनात दोन्ही संज्ञा आढळतात.

परागण मुख्यतः मधमाश्या, विशेषतः सातेरी जातीच्या, करतात. स्वपरागणातून फळधारणा जवळजवळ होत नसल्याने, एकमेकांपासून दूर उरलेल्या झाडांवर भरपूर फुले येऊनही फळे थोडीच धरतात.

फळे उन्हाळ्याच्या प्रारंभी पिकतात. एका फुलापासून सहसा पाच पेटिका (एका बाजूने उकलणारी शुष्क फळे) ताऱ्यासारख्या पसरतात. त्या लालसर, मखमली असून त्यांवरील ताठ केस बोटांत रुततात आणि खाज सुटते (वनोपज गोळा करणाऱ्यांना हे सांगावे लागत नाही). प्रत्येक पेटिकेत सुमारे तीन ते सहा काळसर बिया असतात. त्या भाजून खातात. पावसाच्या आरंभी रुजलेल्या रोपाचे मूळ जाड, मांसल होते.