शंभर टक्क्यांच्या आधीच पाणी

नव्या बुटांच्या खोक्यात सिलिका जेलची पुडी निघते आणि बहुतेक घरांत ती थेट कचऱ्यात जाते. मला मात्र त्या दाण्यांचं फार अप्रूप वाटतं. हवेची सापेक्ष आर्द्रता १०० टक्के झाली की वाफेचं पाणी होतं, असं आपण शाळेत शिकलो. अतिसूक्ष्म छिद्रांनी भरलेल्या या दाण्यांत तर निम्म्या आर्द्रतेलाही पाणी साचतं!

यामागे ऊर्जेचा जमाखर्च आहे. हवा संपृक्त नसताना वाफेचं पाणी करायचं तर मुक्त ऊर्जा (म्हणजे कामाला लावता येणारी ऊर्जा, उष्णता नव्हे) खर्चावी लागते, आणि जितकं पाणी जास्त, तितका हा खर्च जास्त. पण पाणी ज्याला बिलगतं अशा पदार्थाची ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा कमी ऊर्जेची असते, म्हणजे भिंत भिजली की काही ऊर्जा पदरात पडते. खर्च आकारमानावर, कमाई पृष्ठभागावर. छिद्र जितकं अरुंद, तितकी थोड्या पाण्यामागे भिंत जास्त, आणि हिशेब फायद्यात जातो.

विल्यम थॉमसन, म्हणजेच लॉर्ड केल्व्हिन यांनी १८७१ मध्ये पाण्याच्या वक्र पृष्ठभागावरच्या बाष्पदाबाचा विचार मांडला (अरुंद छिद्रातल्या पाण्याचा पृष्ठभाग असाच खोलगट, वक्र असतो). त्यातून आलेल्या समीकरणानुसार, २५ अंश सेल्सिअसला १०० नॅनोमीटर त्रिज्येचं छिद्र भरायला सुमारे ९९ टक्के आर्द्रता लागते, १० नॅनोमीटरला ९०, तर २ नॅनोमीटरला जेमतेम ६०. (पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं ते वेगळं. तिथे छिद्रांचा संबंध नाही, मीठच हवेतली वाफ ओढून त्या पाण्यात विरघळू लागतं.)

एक ग्रॅम वाफेचं पाणी होताना जवळपास २,४०० ज्यूल उष्णता बाहेर पडते. तेवढी परत दिल्याशिवाय पाणी सुटत नाही, म्हणून दाणे पुन्हा वापरायचे तर तापवावे लागतात. शिवाय छिद्र ज्या आर्द्रतेला भरतं त्याच आर्द्रतेला रिकामं होत नाही. हवा त्याहून बरीच कोरडी व्हावी लागते. घराच्या भिंतीतली ओल मुख्यतः पाझरलेल्या पावसाची असते, पण सिमेंटमधली अतिसूक्ष्म छिद्रं उशिरा सुकतात ती याच कारणाने.

केल्व्हिनचं समीकरण किती बारीक छिद्रापर्यंत टिकतं? २०२० मध्ये मँचेस्टर विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी अभ्रक आणि ग्राफाइटचे अतिपातळ पापुद्रे रचून, पाण्याच्या रेणूंचा एकच थर मावेल इतक्या उंचीच्या फटी तयार केल्या. एकाच थराला वक्रता कसली? तरीही अभ्रकाच्या फटींत समीकरणाचं उत्तर बरोबर आलं. कारण शोधताना त्यांना दिसलं, की फटीच्या भिंती स्वतःच किंचित लवतात आणि चूक भरून काढतात.